दुर्गम भागातल्या आरोग्य आणि समाजसेवांवर देखरेख ठेवणं म्हणजे नक्की काय काम असतं?

तुम्ही विचारलंय की कॅनडाच्या उत्तरेला नुनाविक म्हणून भाग आहे, तिथे आरोग्य आणि समाजसेवा दोन्ही एकच मंडळ सांभाळतं, तर अशी देखरेख करणारा माणूस नेमकं करतो काय, आणि आपल्याकडे कोकणात असं काम कुणी केलंय का. मी केलंय. आताच्या पालघर जिल्ह्यात, म्हणजे २०१४ च्या आधीच्या ठाणे जिल्ह्यात, नर्स म्हणून लागले आणि शेवटची बारा वर्षं आरोग्य सहाय्यिका होते, आमच्यात एलएचव्ही म्हणतात, सहा उपकेंद्रांच्या नर्सबाईंचं काम बघायचं. माहेर सातपाटीकडचं, बोंबील वाळत घालणाऱ्या वाडीतलं, डोंगरात ऑर्डर निघाली तेव्हा आई रडली होती.

आधी नुनाविकचं सांगते. क्यूबेक प्रांताचा उत्तरेकडचा भाग, आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा, आणि माणसं किती तर १४,००० च्या आसपास, बहुतेक इन्युइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, १४ गावांत राहतात. एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही, विमान. हॉस्पिटलं दोन, एक कूजुआकला आणि एक पुविर्नितुकला, त्याच्या पुढचं काही लागलं की पेशंट विमानाने थेट माँट्रियलला. १९७५ मध्ये सरकार आणि तिथल्या मूळ रहिवाशांत झालेल्या जेम्स बे करारातून तिथल्या लोकांना स्वतःचं प्रादेशिक मंडळ मिळालं आणि त्यात प्रत्येक गावाचा प्रतिनिधी बसतो. हे मला फार मोठं वाटतं, कारण आमच्या बैठकीत पाड्यावरचा माणूस मी कधी बसलेला बघितला नाही.

आता आपलं. कोकण म्हटलं की लोकांना रत्नागिरी-सिंधुदुर्ग आठवतं, पण डहाणूच्या चिकूच्या वाड्या सोडून पूर्वेला वर चढलात की जव्हार, मोखाडा, विक्रमगड लागतं ते पण कोकणच, वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी लोकांचं. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा सगळ्या राज्याला ह्या भागाचं नाव कळलं. त्याच्यानंतर नवसंजीवन योजना आली, डॉक्टरांची फिरती भरारी पथकं आली, पावसाळ्याआधी धान्य आणि औषधं वर पोचवून ठेवायची पद्धत बसली. नियमाने सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं, डोंगरात आणि आदिवासी भागात ३,००० मागे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० च्या जागी २०,००० मागे. चांगलंच आहे, पण हा हिशोब डोकी मोजतो, मधला ओहोळ मोजत नाही. उन्हाळ्यात वीस मिनिटांवरचा पाडा जुलैमध्ये चार तासांवर जातो, कधी कधी जाताच येत नाही.

आणि इथेच देखरेखीचं खरं काम आहे. आमच्याकडे मासिक अहवालात काही घडलं नाही की 'निरंक' लिहितात. बालमृत्यू निरंक, मातामृत्यू निरंक, साथ निरंक. एका वर्षी ऑगस्टचा अहवाल असाच स्वच्छ आला, बैठकीत कौतुक पण झालं. सप्टेंबरात पाणी उतरल्यावर मी आशाताईला घेऊन पलीकडच्या एका पाड्यावर गेले, एकोणीस घरं. एका आजीने ओट्यावर बसवलं, काकडी चिरून पुढे केली, आणि बोलता बोलता कळलं की सुनेला जुलैमध्ये घरीच मुलगा झाला होता आणि नवव्या दिवशी गेला. ना जन्माची नोंद ना मृत्यूची. मी विचारलं, कुणाला कळवलं का नाही? तर म्हणाली, "बाई, तुमच्या वहीत तो आलाच नव्हता, मग गेल्याचं कुणाला सांगू?"

त्या अहवालावर माझी सही होती. नर्सबाईचा एकटीचा दोष म्हणून मी कधी धरला नाही, तिच्याकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज होता आणि त्या पाण्यातून एकटीने जायला मी पण तिला सांगितलं नसतं. पण निरंकचे दोन अर्थ असतात, एक म्हणजे काही घडलं नाही आणि दुसरा म्हणजे कुणी गेलंच नाही, आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हापासून मी प्रत्येक अहवालाच्या कडेला पेनाने एक रकाना आखून घ्यायचे, पाडा आणि भेटीची तारीख. तारीख नसेल तर निरंक लिहायचं नाही, 'भेट नाही' लिहायचं. वरून ओरडा बसला, फॉर्म बदलता येत नाही म्हणून. मी आखत राहिले.

दुसरी गोष्ट वजनकाट्याची, बारीक वाटेल पण ऐका. अंगणवाडीत आढ्याला घड्याळासारखा काटा टांगून झोळीत मूल बसवतात. झोळी अडकवल्यावर काटा परत शून्यावर आणायचा असतो, ते राहिलं तर झोळीचं वजन मुलाच्या खात्यात जातं आणि तीव्र कुपोषित पोर कागदावर मध्यम होऊन बसतं, मग त्याला ग्राम बाल विकास केंद्रात जागा नाही, जादा आहार नाही, काही नाही. म्हणून मी जिथे जाईन तिथे पहिलं रिकामी झोळी बघायचे, आणि मग दंडाचा घेर मोजायची पट्टी लावायचे, ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषित. लहान मुलाच्या दंडावर ती लाल पट्टी फिरवून बघा एकदा, जेमतेम तुमच्या दोन बोटांइतकी जाडी असते. ते बघितल्यावर माणूस ऑफिसात बसून टक्केवारी बोलू शकत नाही.

तुमचा खरा प्रश्न एकच मंडळ असण्याबद्दल होता. आमच्याकडे उपकेंद्र आरोग्य विभागाचं, अंगणवाडी महिला-बालकल्याणची, आश्रमशाळा आदिवासी प्रकल्प कार्यालयाची, रेशन तहसीलदाराकडे. घर मात्र एकच असतं हो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातं, पोरं बरोबर जातात, मोठी शाळेतून गळते कारण धाकट्याला सांभाळायला हवं, धाकट्याचा अंगणवाडीतला आहार बंद होतो, लस चुकते, बाई तिथे गरोदर असते आणि तिचं कार्ड इकडे पत्र्याच्या पेटीत. ह्यातलं आरोग्य कुठलं आणि समाजसेवा कुठली ते मला तीस वर्षांत वेगळं करता आलं नाही. चार खात्यांचे चार जण आपापल्या रजिस्टरला 'स्थलांतरित' लिहितात आणि विषय संपतो. म्हणून एका छताखाली दोन्ही ठेवायची नुनाविकची पद्धत मला बरोबर वाटते.

पुविर्नितुकच्या सुईणींबद्दल मी नोकरीत असतानाच वाचलं होतं. आधी तिथल्या बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दक्षिणेला पाठवायचे, घरदार, भाषा सगळं सोडून आठवडेच्या आठवडे तिथे राहायचं. मग १९८६ मध्ये गावातच प्रसूतीची सोय सुरू झाली आणि तिथल्याच इन्युइट बायकांना सुईणीचं पक्कं शिक्षण द्यायला लागले. आपल्याकडे माहेरघर आहे, दिवस भरत आले की बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. चांगली सोय आहे, मी स्वतः कितीजणींना आणलं. पण बाई विचारते मागे दोन पोरं आहेत, म्हातारी आहे, भाताची लावणी आहे, कोण बघणार? ह्याचं उत्तर आरोग्य खात्याकडे नसतं आणि बाकीच्या खात्यांना तो प्रश्नच पोचत नाही. लावणीच्या दिवसात माहेरघर रिकामं दिसलं तर आधी तिच्या घरी जाऊन या, मग अडाणी म्हणा.

तुम्ही एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण करताय आणि ह्याच कामात यायचंय असं लिहिलंय म्हणून सांगते, जॉइन झाल्या झाल्या जून लागायच्या आत एक वही करा. प्रत्येक पाडा, मधे कुठलं पाणी आडवं येतं, साधारण कधी तुटतो, कधी जोडला जातो, तिथे गरोदर कोण, सहा महिन्यांच्या आतली पोरं कुणाची, आणि पलीकडे मोबाइलला रेंज कुठल्या झाडाखाली येते. हे कुठल्याच फॉर्मवर नाही, आशाताई आणि अंगणवाडीताईला तोंडपाठ असतं, त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या. माझी वही मी रिटायर होताना पुढच्या बाईंना दिली, पहिलं पान त्या एकोणीस घरांचं आहे.