सालामांकातला एक शनिवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बी-वन या मध्यम पातळीपर्यंत स्पॅनिश शिकून झाले आहे, पुढील वर्षासाठी स्पेनमधील माद्रिद आणि सालामांका या दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळत आहे, आणि दीड लाखाहून कमी वस्तीच्या सालामांकात वर्षभर मन रमेल का, सुट्टीच्या दिवशी तेथे विद्यार्थी करतात तरी काय, अशी तुम्हाला आणि तुमच्या आईला शंका आहे. मी २०१३ मध्ये साताऱ्याहून याच शहरात शिकायला आले, दोन वर्षे राहिले, आणि आता जवळच्या बायादोलिद शहरात भाषांतराचे काम करते. माझे मत आधीच सांगते: भाषा हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर सालामांका निवडावे. का, ते ऑक्टोबरमधल्या एका शनिवारावरून सांगणे मला सोपे वाटते.

पहिली अडचण घड्याळाची येते. ऑक्टोबरच्या मध्यावर तेथे सकाळी आठ वाजताही अंधार असतो. नकाशावर स्पेन ब्रिटनच्या खालीच आहे, परंतु १९४० पासून त्याचे घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालते, त्यामुळे सूर्य आणि काटे यांचे जमत नाही, आणि जेवणापासून झोपेपर्यंत सारेच आपल्यापेक्षा दोन-अडीच तासांनी पुढे सरकते. सातला उठून चहा शोधत हिंडू नका. नऊच्या सुमारास कोपऱ्यावरच्या बारमध्ये जावे (तेथे बार म्हणजे आपल्याकडचे अमृततुल्य आणि उपाहारगृह एकत्र, दचकण्याचे कारण नाही) आणि दुधाची कॉफी व किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेला भाजलेला पाव मागावा. काउंटरपाशी उभे राहूनच खावे, कारण बारवाल्याशी आणि शेजारच्या आजोबांशी होणारे दोन मिनिटांचे बोलणे हा दिवसाचा स्पॅनिशचा पहिला तास असतो.

त्यानंतर प्लासा मायोर या मुख्य चौकाला लागून असलेल्या मंडईत जा. शहराच्या उत्तरेला आर्मुन्या नावाचा परिसर आहे आणि तेथील मसूर देशभर नावाजलेला आहे. आपल्या मसुरापेक्षा दाणा मोठा, साल पातळ, आणि शिजल्यावरही अख्खा राहणारा. स्थानिक लोक तो चोरिसो या डुकराच्या मांसाच्या लाल सॉसेजबरोबर शिजवतात. मी गोडा मसाला आणि लसणाची फोडणी देत असे, आणि माझ्या घरातल्या दोन स्पॅनिश मुली पातेले पुसून खात.

मंडईतून पिशवी घरी टाकून पुन्हा बाहेर पडा आणि रूआ मायोर या रस्त्याने दक्षिणेकडे चाला. चौकापासून नदीवरच्या रोमन पुलापर्यंतचे अंतर न थांबता चालल्यास पंधरा मिनिटांचे आहे. मी त्याला पहिल्या वेळी साडेतीन तास लावले. वाटेत शंखशिंपल्यांचे घर लागते. भिंतीवर तीनशेहून अधिक दगडी शिंपले कोरलेल्या या जुन्या वाड्यात आता सार्वजनिक वाचनालय आहे, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या छपराखाली तुम्ही फुकट अभ्यास करू शकता. सगळ्या इमारतींचा रंग मधासारखा दिसतो, तो जवळच्या बियामायोर गावच्या दगडाचा. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, त्यामुळे त्यावर लाकडावर करावे तसे बारीक कोरीवकाम करता येते. हवा लागली की तो कठीण होत जातो, आणि त्यातल्या लोहामुळे सोनेरी छटा धरतो. भिंतींवर जागोजागी लाल अक्षरांतली नावे दिसतील. ती नासधूस नव्हे. डॉक्टरेट मिळवणाऱ्यांची नावे बैलाचे रक्त मिसळलेल्या रंगाने लिहिण्याची ती जुनी प्रथा आहे.

येथून विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीसमोर या. लेओनचा राजा नववा अल्फोन्सो याने १२१८ मध्ये स्थापन केलेले हे स्पेनमधील सर्वांत जुने चालू विद्यापीठ आहे. या कोरीव भिंतीवर एका कवटीवर बसलेला छोटा बेडूक आहे आणि तो कोणाच्या मदतीविना सापडला तर परीक्षा पार पडते, असा समज आहे. येथे कुलगुरू राहिलेल्या मिगेल दे उनामुनो यांची तक्रार अशी होती की लोक बेडूक पाहतात याचे दुःख नाही, बेडकाखेरीज काहीच पाहत नाहीत याचे आहे. मला बेडूक सापडायला दुसरा महिना उजाडला. आत गेलात तर ओबडधोबड लाकडी ओंडक्यांच्या बाकांचा जुना वर्ग अवश्य पाहा. फ्राय लुईस दे लेओन हे कवी-अध्यापक इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या तुरुंगात १५७२ ते १५७६ अशी चार वर्षांहून अधिक काळ काढून परतले आणि 'काल आपण म्हणत होतो की' असे म्हणून त्यांनी शिकवणे पुढे चालू केले, अशी आख्यायिका आहे.

आपल्या दृष्टीने विद्यापीठाच्या या अंगणाला आणखी एक अर्थ आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज मुलगा येथे शिकला, पुढे वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्यास आला, आणि आंबा, फणस, हिंग अशा आपल्याकडच्या जिनसांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला त्याचेच नाव आहे. मूळचा ज्यू घराण्यातला असल्याने मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. हे मला सालामांकात कोणी सांगितले नाही. गोव्याच्या एका मैत्रिणीने फोनवर सांगितले, आणि त्यानंतर त्या अंगणातून जाताना मला परके वाटेनासे झाले.

पुढे नवे कॅथेड्रल. त्याचे काम १५१३ मध्ये सुरू झाले, तरी उत्तरेच्या दारावर एक अंतराळवीर कोरलेला आहे. १९९२ च्या डागडुजीत कारागिरांनी आपल्या काळाची खूण म्हणून तो ठेवला. त्याच्यामागे, शहराच्या जुन्या तटावर एक लहान बाग आहे, तेथे मी व्याकरणाचा अर्धा अभ्यास केला. तेथून तेन्तेनेसियो नावाच्या उताराच्या गल्लीने तोर्मेस नदीवर उतरता येते. मोकाट बैलाला एका संताने 'थांब, मूर्खा' असे दटावले, त्यावरून गल्लीला हे नाव पडल्याचे सांगतात. पुलाच्या सव्वीस कमानींपैकी पंधरा रोमन काळातल्या आहेत. पुलाच्या तोंडाशी एक शीर नसलेला दगडी बैल उभा आहे. १५५४ मध्ये छापलेली 'लासारिल्यो' ही कादंबरी तुम्हाला अभ्यासाला असेलच. त्यातला आंधळा मालक पोराला कान लावायला सांगून त्याचे डोके ज्यावर आपटतो, तो हाच बैल.

आता दुपार, आणि येथे नवा माणूस हमखास फसतो. दोन ते पाच या वेळेत लहान दुकाने बंद असतात, शनिवारी दुपारनंतर अनेक उघडतच नाहीत, आणि रविवारी तर जवळपास सारे शहर कुलूपबंद असते. मी पहिल्या शनिवारी तीन वाजता पांघरूण घ्यायला निघाले आणि हात हलवत परतले. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर आहे, ऑक्टोबरच्या रात्री चांगल्याच गार असतात, आणि दोन स्वेटर घालून काढलेल्या त्या दोन रात्री मला अजून आठवतात. जेवण दोन-अडीचला. तुम्ही शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, म्हणून सांगते: केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाही. हॅम आणि टूना मासा यांना तेथे कित्येकजण मांसात धरतच नाहीत. माझ्या पहिल्या 'भाज्यांच्या सूप'मध्ये हॅमचे तुकडे होते, आणि वाढणाऱ्या काकूंना माझी अडचण खरोखरच कळली नाही. प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन तो नको असल्याचे सांगा.

संध्याकाळ प्लासा मायोरमध्ये. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला हा कमानींनी वेढलेला चौक म्हणजे शहराचे अंगणच. 'घड्याळाखाली भेटू' एवढे म्हटले की पुरे, ठिकाण सांगावे लागत नाही. विद्यार्थी फरशीवरच कोंडाळे करून बसतात. भाषांची देवाणघेवाण करायला जोडीदार शोधा: एक तास तुम्ही इंग्रजी बोलायचे, एक तास त्याने स्पॅनिश. माझी मैत्रीण मला भेटली ती याच फरशीवर, आणि मागच्या वर्षी तिच्या लग्नात मी साक्षीदार म्हणून सही केली. माद्रिदमध्ये मित्र भेटत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण तेथे प्रत्येक भेट ठरवून, मेट्रोने तासभर जाऊन घ्यावी लागते. सालामांकात दिवसातून तीनदा तीच माणसे समोर येतात आणि बोलावेच लागते.

जेवण नऊ-दहाला, आणि अकरा वाजता घरी परतताना रस्त्यात लहान मुले आणि आज्या दिसतील. हे आईंना मुद्दाम सांगा. मी दोन वर्षे एकटी चालत घरी आले आणि कधी धास्तावले नाही. मात्र त्यासाठी घर चौकापासून वीस मिनिटांच्या आतच घ्या, भाडे थोडे अधिक पडले तरी. खोली ठरवताना त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येईल ना, हे मालकाला आधीच विचारा, कारण मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असल्यास पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि तेव्हा या नोंदणीचा दाखला मागितला जाऊ शकतो. आणि शक्य असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी पोहोचाल असेच तिकीट काढा, म्हणजे पांघरूण वेळेत मिळेल.