'प्रोब' म्हणजे चाचपणी, पारख की ताबा?

प्रश्न असा आला आहे : 'कर्नल बूट होताना ड्रायव्हर डिव्हाइस प्रोब करतो आणि मग अटॅच होतो' हे मराठीत कसं लिहावं? प्रोबला 'शोध' म्हणावं की 'तपास'? अटॅचला 'जोडणे' चालेल का? (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे एखादं डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम.)

'तपास' नको, त्याला पोलीस चौकीचा वास आहे. मूळ अर्थाला सगळ्यांत जवळचा शब्द 'चाचपणी'. (चाचपडणे वेगळं. चाचपणारा हेतूने हात फिरवतो, चाचपडणाऱ्याला काही सापडत नसतं.) जुन्या आयएसए बसवर (संगणकात जादा कार्डं बसवायची जुनी जोडव्यवस्था) कोणतं कार्ड बसलंय हे विचारायची सोयच नव्हती. ड्रायव्हर ठरावीक पोर्टांवर, म्हणजे कार्डांशी बोलायच्या पत्त्यांवर, काहीतरी लिहून किंवा वाचून बघायचा. उत्तर ओळखीचं आलं तर कार्ड आपलं. तिथे दुसरंच कार्ड असलं तर अख्खं मशीन गोठायचं. एनई२००० नेटवर्क कार्डं यासाठी बदनाम होती. म्हणून लिनक्समध्ये 'रिझर्व्ह' नावाचा बूट पॅरामीटर आला : या पत्त्यांना हात लावू नका! चाचपणी म्हणतात ती हीच.

आयएसएनंतर आलेल्या पीसीआय बसने हा अंधार घालवला. प्रत्येक डिव्हाइस विचारल्यावर १६ बिटांचा उत्पादक क्रमांक आणि तेवढाच डिव्हाइस क्रमांक सांगतं. इंटेलचा उत्पादक क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ आहे, म्हणजे त्यांच्याच गाजलेल्या प्रोसेसरचं नाव; हा मिश्कीलपणा मला फार आवडतो. जागा रिकामी असेल तर सगळे बिट १ वाचले जातात. ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी आधीच देऊन ठेवतो आणि कर्नल दोन्ही ताडून बघतो.

खरी गोम पुढे आहे. लिनक्समध्ये 'प्रोब' हे फंक्शन बोलावलं जातं ते हा मेळ बसल्यानंतर. त्यात ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो, मेमरी आणि इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला हाक मारायची सोय) मागून घेतो. नाव चाचपणीचं, काम ताबा घेण्याचं. 'हे माझं नाही' असा एरर कोड परत करायची मुभा अजून आहे, तेवढाच जुन्या अर्थाचा अवशेष. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मात्र प्रोब आणि अटॅच वेगवेगळे. तिथे एका डिव्हाइसवर अनेक ड्रायव्हर बोली लावू शकतात. प्रोबमधून प्रत्येक जण आपण किती योग्य ते आकड्याने सांगतो, आणि सरस ठरेल त्यालाच अटॅच करायला मिळतं. याला 'पारख' म्हणावं.

म्हणून माझं मत : आयएसएबद्दल लिहिताना 'चाचपणी', फ्रीबीएसडीसाठी 'पारख' आणि 'जोडणी', लिनक्ससाठी 'ताबा घेणे'. फंक्शनचं नाव म्हणून येईल तिथे सरळ 'प्रोब'च ठेवा, कोडमध्ये शोधणाऱ्याला तोच शब्द सापडणार आहे. अटॅचला 'जुंपणे' सुचवायचा मोह मला झाला होता, कारण ड्रायव्हर खरोखर कामाला जुंपला जातो. पण 'दोन ड्रायव्हर जुंपले' आणि 'दोन ड्रायव्हरांची जुंपली' यांत फार अंतर नाही.