देवस्थानाच्या इनामी माळावर गावासाठी वनउद्यान करता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे : बीड जिल्ह्यातील तुमच्या गावाच्या माळावर देवस्थानाची तीस-पस्तीस एकर जमीन वर्षानुवर्षे पडीक आहे आणि ती ग्रामपंचायतीच्या नावावर करून घेऊन तिथे सर्वांसाठी खुले वनउद्यान करावे, असा काही मंडळींचा विचार आहे. वनउद्यान अवश्य करता येईल. जमीन नावावर करून घेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी मराठवाड्यातच महसूल खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एका जुन्या संस्थानाच्या माळावर झाडे वाढवण्याच्या कामात राहिलो, म्हणून कागद आणि माती या दोन्ही बाजूंनी लिहितो.

आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या देवस्थान जमिनींचा इतिहास पुण्या-साताऱ्याकडच्या जमिनींहून वेगळा आहे. देवळाची पूजाअर्चा, दिवाबत्ती, नगारा किंवा दर्ग्याची झाडलोट अशा सेवेसाठी दिलेल्या जमिनीला आपल्याकडे खिदमतमाश म्हणतात. इनामे रद्द करणाऱ्या १९५४ च्या हैदराबाद कायद्याने इतर अनेक इनामे संपली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठी असलेली इनामे त्यातून वगळण्यात आली. तुमचा माळ आजवर देवाच्या नावावर टिकला असेल, तर तो बहुधा यामुळेच.

सातबारा पाहून थांबू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीचा मालक आणि वहिवाटदार दाखवणारी त्या काळची नोंद, आणि त्यानंतरचे सगळे फेरफार काढा; इनामाच्या चौकशीचा निकाल, म्हणजे मुंतखब, मिळाला तर तोही घ्या. तो बहुतेक वेळा उर्दूत असतो, तेव्हा वाचणारा जाणकार आधीच शोधून ठेवावा. खासरा पत्रकात मालक म्हणून देवाचे नाव आणि वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचे नाव दिसते. पुढच्या एखाद्या वारसाच्या फेरफारात देवाचे नाव हळूच गळते आणि पुजाऱ्याचे मुलगे, मग नातू, भोगवटादार होऊन बसतात. हा प्रकार मी एकापेक्षा अधिक गावांत कागदावर बोट ठेवून पाहिलेला आहे. मध्य प्रदेशातील मंदिर जमिनींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा असतो, जमिनीची मालक देवताच असते आणि मालकाच्या रकान्यात देवतेचेच नाव असावे. तुमच्या गटात नाव गळालेले असेल, तर झाडांच्या आधी ते दुरुस्त करून घ्यावे लागेल.

आता ग्रामपंचायतीच्या नावावर का करू नये, ते सांगतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार विश्वस्तांना जमीन विकायची, बदलून द्यायची, बक्षीस द्यायची, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. इनामी जमिनीच्या हस्तांतरणाला महसूल प्रशासनाची परवानगी वेगळी. ही वाट लांबची आहे, आणि ती चालून हाती काय येते, तर कुठल्याही पुढच्या योजनेसाठी मागता येईल अशी एक सार्वजनिक जमीन. गायरानांचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. त्यांवर अतिक्रमणे झाली आणि आता सौर प्रकल्पांसाठीही त्या जमिनी दिल्या जात आहेत. वीज गावाला हवीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण वाढलेली झाडे उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. देवाच्या नावावरची जमीन हलवणे अवघड असते, आणि ही अडचण जंगलाच्या बाजूची आहे. तेव्हा विश्वस्तांनीच ठराव करून माळ वनराईसाठी राखून ठेवावा, तो सर्व गावकऱ्यांना, मग ते कोणत्याही जातिधर्माचे असोत, खुला राहील असे त्या ठरावात लिहावे, आणि राखणीची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लेखी घ्यावी. जमीन दर्ग्याची किंवा मशिदीची असेल, तर धर्मादाय आयुक्तांऐवजी वक्फ मंडळाकडे जावे लागते; त्याचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीच्या आवारात आहे.

एका गोष्टीकडे मात्र गावे सहसा डोळेझाक करतात. माळ पडीक दिसत असला, तरी त्यावर कुणाचे तरी पोट असते. पुजाऱ्याचे घर, पावसाळ्यात तूर-बाजरी पेरणारा एखादा भूमिहीन, शेळ्या घेऊन येणाऱ्या बाया, या सगळ्यांना ठरावाच्या बैठकीत बोलवा. आमच्याकडे गवताच्या लिलावाचे उत्पन्न दिवाबत्तीला आणि पुजाऱ्याला लावून दिले, तेव्हा कुठे विरोध निवळला.

झाडांबद्दल. बालाघाटाच्या माळावर मुरमावर वीतभर माती असते आणि पावसाचा नेम नसतो, म्हणून पहिला खर्च सलग समतल चरांवर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडव्या, एका पातळीत खोदलेल्या चरांवर करावा. वड, उंबर, अर्जुन ओढ्याकाठी खोल मातीत लावावेत. माथ्यावर वडाचे रोप लावून फोटो काढणे सोपे आहे, पण ते जगवणे फार कठीण. माथ्यावर हिवर, बोर, धावडा, मोई, पळस आणि अंजन ही मंडळी शोभतात. पळसाच्या दाबून गेलेल्या मुळ्या जमिनीत असल्या, तर चराई आणि कुऱ्हाड थांबताच तो आपण होऊन फुटतो, आणि बाभळीच्या सावलीत पाखरांनी टाकलेल्या बियांतून कडुनिंब येतो. सीताफळाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कडेने त्याची ओळ उपयोगी पडते. गिरीपुष्प आणि काशीद याच कारणाने सरकारी रोपवाटिकांना प्रिय आहेत. ते फुकट मिळाले तरी घेऊ नका, कारण दहा वर्षांनी हिरवे दिसेल, पण पाखरांना खायला त्यात फारसे काही नसेल.

गवताकडे तर झाडांइतकेच लक्ष द्यावे. पवन्या आणि मारवेल टिकवून ठेवले, तर माती धरून राहते आणि तितर-लाव्यांना आसरा मिळतो. कुसळी मात्र कुसळे धरण्याआधी कापून घ्यावी, नाहीतर ती धोतराला आणि जनावरांच्या तोंडाला टोचते, आणि मग वैतागून कुणीतरी काडी लावतो. मराठवाड्यातली बरीच लागवड दुष्काळाने नव्हे, तर फाल्गुन-चैत्रातल्या वणव्याने गेलेली आहे. माघातच चहूबाजूंनी दहा-बारा हात रुंद जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढावी आणि शिमग्याच्या रात्री दोन माणसे माळावर ठेवावीत.

काम सुरू करण्यापूर्वी दोन ठिकाणे पाहून या. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वनखात्याच्या जमिनीवर उभी केलेली सह्याद्री देवराई आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरले होते आणि त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले होते. उघड्या मुरमावर काय जगते, ते तिथे डोळ्यांनी दिसते. दुसरे धाराशिव जिल्ह्यातले येडशीचे रामलिंग. तिथे मंदिर दरीत आहे आणि भोवती अभयारण्य. श्रावणातली गर्दी, माकडांना टाकलेले खाणे आणि प्लास्टिक यांचा ताण जंगलावर कसा पडतो, हे तिथे एखाद्या सोमवारी जाऊन पाहावे. यात्रेची वाहने, पंगती आणि दुकाने माळाच्या बाहेर ठेवण्याची अट तुमच्या ठरावात का हवी, ते त्यावरून समजेल. कमान, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचे हरीण यांच्यासाठी निधी चटकन मिळतो, राखणदाराच्या पगारासाठी मिळत नाही. तो पगार गवताच्या पैशांतून आणि देवस्थानाच्या पेटीतून कसा निघेल, ते आधी ठरवावे.

सुरुवात विश्वस्त नोंदणीच्या परिशिष्ट १ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील देवस्थानाच्या नोंदीच्या, उताऱ्यापासून करा आणि तुमचा गट क्रमांक त्यात आहे की नाही ते पाहा. नसेल, तर विश्वस्तांना बदल अर्ज द्यावा लागेल. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, आणि तीही उन्हाळ्यात, म्हणजे गवत नसताना हद्दीचे जुने दगड सापडतात आणि मृग लागायच्या आत चर खोदून होतात.