रिपोर्टमधला आकडा आणि न जाणारा खोकला

वडिलांचा नि माझा कोविडचा स्वॅब एकाच दिवशी गेला. त्यांची सीटी व्हॅल्यू १७, माझी ३१. ते चार दिवसांत रंकाळ्यावर फिरायला लागले, मी पंधरा दिवस खोकतोय. रिपोर्टची अदलाबदल झाली का? – वाचक, मंगळवार पेठ

अदलाबदल नाही. सीटी म्हणजे विषाणू सापडायला मशिनला किती फेऱ्या माराव्या लागल्या, तो आकडा. फेऱ्या कमी, म्हणजे विषाणू जास्त. प्रत्येक फेरीत मशिन विषाणूच्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती साधारण दुप्पट करतं, म्हणून तुमच्यातला १४ चा फरक कागदावर सोळा हजार पटींचा. ऐकून घाबरायला होतं. पण पत्रात तुम्हीच लिहिलंय, वडिलांचा ताप आदल्या दिवशीचा, तुमचा आठवड्याचा. विषाणू लक्षणं सुरू होण्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो. शिवाय काडी नाकात नीट फिरली का, किट कोणतं, यानंही आकडा हलतो. त्यावरून आजार किती दिवस चालेल, हे मी तरी सांगणार नाही. तुमचा खोकला सुजलेल्या श्वासनलिकेचा असावा; तरी दोन आठवडे उलटलेत, तेव्हा थुंकी तपासून घ्या. व्हायरल खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. आपण मात्र आठव्या दिवशी अँटिबायोटिक मागतो!

कोविड होऊन तीन आठवडे झाले, बरा आहे, तरी आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच. तालमीत कधी जाऊ? – एक पैलवान, कागल

पुन्हा टेस्ट कुणी करायला सांगितली? ऊस तुटून गेला तरी फडात पाचट उरतंच, तसे मेलेल्या विषाणूचे तुकडे कितीतरी आठवडे सापडतात. सौम्य कोविडमध्ये दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच मिळतो. फ्लूमध्ये बहुधा पाच ते सात दिवसच, लहान मुलांत थोडे जास्त. तेव्हा जा, पण पहिल्याच दिवशी हजार जोर नकोत. छातीत दुखलं, धडधडलं किंवा दम लागला, तर थांबा आणि आधी ईसीजी काढा.

गुऱ्हाळावर चुलवाणापाशी काम करतो. महिनाभर खोकला, वजनही उतरलंय. व्हायरलच असेल ना? – वाचक, करवीर तालुका

तसं धरून बसू नका. धुरानं खोकला येतो, पण वजन उतरत नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त लांबला की थुंकी तपासायची. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात उद्या सकाळीच जा, गाळप संपायची वाट पाहू नका.