एकाच नौकेचं जलावतरण दोनदा?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "माझ्याकडे दोन कात्रणं आहेत. एक सप्टेंबर २०१९चं, मथळा 'नीलगिरी युद्धनौकेचं जलावतरण'. दुसरं जानेवारी २०२५चं, त्यातही नीलगिरीचं जलावतरणच. एक नौका पाण्यात दोनदा कशी उतरेल? की नीलगिरी दोन आहेत? कमिशनिंगला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि डिस्ट्रॉयरला विनाशिका म्हणतात, तर फ्रिगेटला काय म्हणायचं?"

पहिलं कात्रण बरोबर आहे, दुसरं चुकलंय. नीलगिरी खरोखरच दोन झाल्या, पण दोन्ही कात्रणांत आहे ती नवीच. जुनी नीलगिरीही माझगाव गोदीतलीच. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ती पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात आली. नौका निवृत्त झाली की तिचं नाव नव्या नौकेला द्यायची नौदलाची रीत आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच.

आता नवीच्या तारखा पाहू. २८ सप्टेंबर २०१९ला ती माझगावला पाण्यात उतरली. २० डिसेंबर २०२४ला गोदीने ती नौदलाच्या ताब्यात दिली. १५ जानेवारी २०२५ला मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत ती सुरत ही विनाशिका आणि वाघशीर ही पाणबुडी यांच्यासोबत नौदलाच्या सेवेत आली, म्हणजे तिचं कमिशनिंग झालं. म्हणजे आधी पाण्यात, मग ताब्यात, मग सेवेत. प्रसंग तीन आणि जलावतरण त्यातला फक्त पहिला. बाकीच्या दोन्हींच्या वेळी नौका पाण्यातच असते, तिला आणखी कुठे उतरवणार?

घोटाळा का होतो, हेही २८ सप्टेंबर २०१९च्याच दिवसात सापडतं. त्या दिवशी मुंबईत दोन समारंभ झाले. सकाळी खांदेरी ही पाणबुडी नौदलात दाखल झाली आणि त्याच दिवशी नीलगिरीचं जलावतरण झालं. संरक्षणमंत्री एकच, शहर एकच, पांढऱ्या गणवेशातली मंडळी तीच. बातमी लिहिणाऱ्याने दोन्हीला एकच शब्द लावला तर त्याला फार बोलवत नाही. खांदेरीचं जलावतरण मात्र तेव्हा जुनं झालं होतं, ते १२ जानेवारी २०१७चं. (हे नाव अलिबागजवळच्या थळच्या समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याचं, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.)

पाण्यात उतरलेली नौका म्हणजे लढायला तयार नौका, असा समज या एका शब्दामुळे पसरतो. प्रत्यक्षात जलावतरणाच्या वेळी असतो तो सांगाडा आणि त्यात बसवलेली काही मोठी यंत्रं. नीलगिरी पाण्यात गेली तेव्हा तिचं वजन तीन हजार टनांच्याही आत होतं, आणि पूर्ण झाल्यावर ती साधारण ६,७०० टनांची आहे. मधल्या पाच वर्षांत नौका धक्क्याला बांधलेली असते आणि तिच्या पोटात किलोमीटरच्या किलोमीटर केबल, नळ, रडार, तोफा, खलाशांच्या झोपायच्या जागा असं सगळं भरत जातं. त्यानंतर समुद्रातल्या चाचण्या. सुरतला यासाठी कमी वेळ लागला. ती १७ मे २०२२ला पाण्यात उतरली आणि अडीच-पावणेतीन वर्षांत सेवेत आली.

जलावतरण हा शब्द मला आवडतो. जड दिसतो, पण घरातलाच आहे. 'तॄ' धातूला 'अव' लागला की खाली उतरणं. अवतार त्यातलाच, गंगावतरणही त्यातलंच. आपलं साधं 'उतरणं' याच घरातलं, तारू आणि उतारूही. त्यामुळे 'पाण्यात उतरवली' आणि 'जलावतरण झालं' यांत फरक फक्त कपड्यांचा, एक घरातले आणि एक समारंभाचे. कोकणात पावसाळ्यासाठी शाकारून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटतात, तेव्हा 'होडी उतरवली' म्हणतात, आणि तिच्या नाळेवर नारळ फोडतात. गोदीतही नारळच फुटतो. समारंभ एखाद्या महिलेच्या हस्ते करायची नौदलाची परंपरा आहे, आणि अथर्ववेदातले मंत्रही म्हणतात. शँपेनच्या बाटलीची जागा नारळाने घेतली, याबद्दल आपण कोणाचे आभार मानायचे कोण जाणे.

एक बारीक खोच. अवतरण म्हणजे आपण होऊन उतरणं. नौका तर कोणीतरी उतरवतं, म्हणून काटेकोर संस्कृतात 'जलावतारण' हवं. पण हा शब्द आजवर कोणी वापरलेला नाही, आता सुरू करायचंही कारण नाही.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. नौका उतारावरून घसरत पाण्यात गेली तर 'अवतरण' अगदी चपखल. पण सगळ्या नौका घसरत नाहीत. सुक्या गोदीत बांधलेली नौका जागची हलत नाही. तिच्याभोवती पाणी सोडतात, पाणी वर चढतं आणि ती तरंगू लागते. तिथे नौका उतरत नाही, समुद्रच तिच्याकडे चढून येतो! कोचीत बांधलेली विमानवाहू नौका विक्रांत अशीच. तिचा कील, म्हणजे तळाचा कणा, फेब्रुवारी २००९मध्ये घातला. डिसेंबर २०११मध्ये ती पहिल्यांदा तरंगली, औपचारिक जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ला झालं, आणि १० जून २०१५ला ती पुन्हा गोदीबाहेर काढली. तुमच्या 'दोनदा कशी उतरेल' या प्रश्नाला विक्रांत हे थोडंसं उत्तर आहे: तरंगणं अनेकदा होऊ शकतं, समारंभ मात्र एकदाच. म्हणून जलावतरण हे त्या समारंभाचं नाव समजावं.

आता कमिशनिंग. इथे मराठी वृत्तपत्रांनी निदान पाच शब्द वापरून पाहिले आहेत. 'राष्ट्रार्पण' धरणाला, पुलाला, महामार्गाला चालतं. नौकेला लावायलाही हरकत नाही, फक्त समारंभाला पंतप्रधान नसले की हा शब्द कुठे गायब होतो ते बघा. 'कार्यान्वित' पंप होतो, जलशुद्धीकरण केंद्र होतं. 'ताफ्यात सामील' बरं आहे, पण त्यातून फक्त संख्या वाढल्याचं कळतं. (ताफा शब्द अरबी, मूळ अर्थ जथा. नेत्यांच्या गाड्यांचाही तोच शब्द आणि वाजंत्र्यांचाही.) 'दाखल' सर्वात रूढ आहे आणि मीही तो वापरतो. दोष एवढाच की नौका ताब्यात घेतली की 'दाखल' आणि सेवेत आली की पुन्हा 'दाखल', म्हणजे तुमचा घोळ पुढच्या टप्प्यावर नव्याने उभा. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ असं दोनदा नीलगिरीला दाखल करून घ्यावं लागलं असतं. रुग्णालयात होतं तसं.

माझं मत 'रुजू'ला. कारण समारंभात नेमकं काय घडतं ते पाहा. नौकेचा कमांडिंग ऑफिसर कमिशनिंग वॉरंट मोठ्याने वाचून दाखवतो. वॉरंटला मराठीत आज्ञापत्र असा तयार शब्द आहे, शिवकालापासूनचा. मग राष्ट्रगीताच्या साथीने पिछाडीला नौदलाचं निशाण पहिल्यांदा चढतं. २ सप्टेंबर २०२२ला विक्रांत सेवेत आली त्याच दिवसापासून या निशाणावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून सुचलेला अष्टकोन आहे. त्याच वेळी डोलकाठीच्या टोकाला एक लांब, अरुंद पताका फडकते. तिला कमिशनिंग पेनंट म्हणतात. ती वर आहे तोवर नौका सेवेत. म्हणजे नेमणुकीचा हुकूम वाचला, कामावर हजर झाली, हजेरी लागली. सरकारी मराठीत याला 'रुजू होणे' म्हणतात. शिक्षिका शाळेत रुजू होते, तलाठी सजेवर रुजू होतो, तशी नीलगिरी नौदलात रुजू झाली.

या शब्दाच्या बाजूने आणखी एक गोष्ट: त्याची जोडी आधीच प्रचारात आहे. सेवा संपल्यावर आपण 'विराट निवृत्त झाली' असं सहज लिहितो. जो निवृत्त होतो तो कधीतरी रुजू झालेला असतो. त्या दिवशी सूर्यास्ताला निशाण आणि पताका उतरवतात. निवृत्त म्हणजे मोडीत नव्हे, हेही जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं. जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली, मोडीत निघाली २०१४मध्ये. मधली बरीच वर्षं ती मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिली युद्धनौका पाहिली ती तिकीट काढून तिच्यावरच.

'रुजू'ची अडचण मला ठाऊक आहे: त्याचं नाम होत नाही. 'रुजवात' शब्द आहे, पण तो मूळ कागदाशी ताळा पाहण्याचा, तिथे नौका घुसवता येत नाही. म्हणून मथळ्यात 'नीलगिरी नौदलात रुजू' आणि समारंभाला 'सेवाप्रवेश', अशी वाटणी मी करतो. सेवाप्रवेशावर आक्षेप असेल तर कमिशनिंग तसंच ठेवा. उसना शब्द चालेल, चुकीचा नको.

आमच्या इमारतीत एक काका आहेत, गोदीत तीसेक वर्षं वेल्डर होते. त्यांना विचारलं, कमिशनिंगला तुम्ही काय म्हणायचा? ते हसले. "आम्ही बोट म्हणायचो. बोट पाण्यात गेली, बोट ट्रायलला गेली, बोट नेव्हीला दिली. पुढचं नेव्हीचं." चार-पाच मजले उंचीच्या युद्धनौकेला बोट म्हणायचा हक्क असणारी माणसं फार नाहीत. आणि टप्प्यांत त्यांचा घोळ एकदाही झालेला नाही.

याच ओघात 'आयएनएस'बद्दल. 'इंडियन नेव्हल शिप'ची ही तीन अक्षरं नौका रुजू झाल्यावर नावाआधी लागतात. तोवर नीलगिरी ही नुसती नीलगिरी, गोदीच्या कागदांत तर यार्ड १२६५१. म्हणून 'आयएनएस नीलगिरीचं जलावतरण' हे लग्नाआधीच सासरचं आडनाव लावण्यासारखं झालं.

आता विनाशिका. हा शब्द डिस्ट्रॉयरवरून केला, पण मुळातल्या शब्दाचं निम्मं अंग तेव्हाच तुटलेलं होतं. १८९०च्या दशकात टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या, चपळ बोटी मोठ्या युद्धनौकांना डोईजड झाल्या, तेव्हा ब्रिटिश नौदलाने त्यांचा समाचार घ्यायला वेगळ्या नौका बांधल्या. त्यांचं नाव टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर. पुढे टॉर्पेडो बोट गळाली आणि डिस्ट्रॉयर उरलं, कशाचा विनाश ते न सांगता. मराठीत ते विनाशिका झालं, शेवटी 'इका', कारण नौका स्त्रीलिंगी. शब्द भीतिदायक आहे, पण रुळलाय. राहू दे.

फ्रिगेटला रूढ मराठी शब्द नाही, आणि करू नये असं मला वाटतं, कारण फ्रिगेट म्हणजे नक्की काय हे खुद्द नौदलांनीही एका जागी ठेवलेलं नाही. १८१७मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची त्रिंकोमाली बांधली, ती फ्रिगेटच होती, शिडांची. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. आकारावरून ठरवावं, विनाशिका थोरली आणि फ्रिगेट धाकटी म्हणावं, तर नीलगिरी ही फ्रिगेट साधारण ६,७०० टनांची, आणि २०२१मध्ये निवृत्त झालेली राजपूत ही विनाशिका पाच हजारांच्या आसपास. म्हणजे धाकटी थोरलीपेक्षा मोठी. अशा सरकत्या अर्थाला 'लघुविनाशिका' वगैरे नाव दिलं तर दहा वर्षांत तेच हास्यास्पद होईल. फ्रिगेट म्हणा आणि पुढे जा.

शेवटी लिंगाचं, कारण तुमच्या दुसऱ्या कात्रणात 'विक्रांत दाखल झाला' असंही छापलंय. जहाज नपुंसकलिंगी, पण नाव घेतलं की आपल्या कानाला नौका ऐकू येते: विक्रांत आली, सुरत आली, नीलगिरी आली. डोंगर असो, शहर असो, पराक्रमी पुरुष असो, पाण्यात गेला की स्त्रीलिंगी. सुरतच्या आधीची तिच्याच वर्गातली एक विनाशिका १८ डिसेंबर २०२२ला, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईत रुजू झाली. तिचं नाव बहुतेक मराठी बातम्यांत 'मोरमुगाओ' आलं, पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगवरून जसंच्या तसं. ज्या बंदराचं नाव तिला दिलं त्या बंदराला गोव्यात मुरगाव म्हणतात, आपणही म्हणतो. तेव्हा 'मुरगाव आली' असं बिनदिक्कत लिहा, आणि गाव नपुंसकलिंगी आहे म्हणून कोणी हटकलंच तर त्याला गोदीत पाठवा.