वाचकांचे प्रश्न : मोटारीच्या सायलेन्सरमधून ज्वाळा का निघतात?

प्रश्न : पर्वरीहून पणजीकडे येताना रात्री कधी कधी एखादी मॉडिफाय केलेली मोटार अटल सेतूवर भरधाव जाते आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मागच्या पाइपमधून बार उडाल्यासारखे आवाज व हातभर ज्वाळा बाहेर पडतात. माझ्या मुलाला आपल्या मोटारीलाही तसेच करून घ्यायचे आहे. ओळखीच्या गॅरेजमध्ये ‘संगणकातला प्रोग्रॅम बदलला की झाले, इंजिनाला काही होत नाही’ असे सांगण्यात आले. हे कशामुळे घडते आणि गॅरेजमधले म्हणणे खरे आहे का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : जे पेट्रोल सिलिंडरमध्ये जळून पिस्टनला ढकलायला हवे होते, ते सिलिंडरबाहेर, सायलेन्सरच्या पाइपमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी जळते, आपल्याला दिसलेली ज्वाळा ती हीच. त्यामुळे ज्वाळेवरून मोटारीच्या ताकदीचा अंदाज बांधू नये, हे मुलाला आधी सांगावे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. मात्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि हे प्रमाण साडेबारा किलो हवेच्या आसपास आणतो, कारण तिथे ताकद सर्वाधिक मिळते आणि जादा पेट्रोलाची वाफ होताना ज्वलनकक्ष थोडा थंडही राहतो. मेकॅनिक ज्याला ‘रिच मिक्स्चर’ म्हणतात ते हेच. या जादा भागाला सिलिंडरमध्ये पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व अर्धवट जळलेल्या इंधनाच्या रूपात बाहेर पडतो. जोरात पळणाऱ्या मोटारीच्या एक्झॉस्टमधील, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या, वायूंचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते, तर पेट्रोलाची वाफ तीनशेच्या आतच आपोआप पेट घेऊ शकते. म्हणजे इंधन आहे, उष्णता आहे, उणीव आहे ती फक्त हवेची. आणि पाइपच्या तोंडाशी ती भरपूर मिळते. वायू हवेत नीट मिसळून जळले तर ज्वाळा निळसर दिसते, आणि इंधन फार जास्त असेल तर काजळीचे तापलेले कण तिला पिवळा-नारिंगी रंग देतात.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज का होतात, याचे उत्तर थोडे वेगळे आहे. साध्या मोटारीत मोटार गिअरमध्ये असताना पाय उचलला की ईसीयू इंधन पूर्ण बंद करतो, म्हणून पाइपमध्ये जळायला काही उरतच नाही. आपल्या गॅरेजमध्ये ज्या ‘प्रोग्रॅम’विषयी सांगितले गेले त्यात दोन गोष्टी बदलतात : पाय उचलल्यावरही थोडे इंधन चालू ठेवले जाते, आणि स्पार्क प्लगची ठिणगी उशिरा पाडली जाते. एरवी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडी आधीच ठिणगी पडते. इथे पिस्टन खाली येऊ लागल्यावर पडते. ६,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना, प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा ज्वलन होत असते, त्यामुळे एवढासा उशीरही पुरतो आणि मिश्रण अजून जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेले वायू बाहेर सोडणारी झडप, उघडतो. काही मिश्रण तर पेटल्यावाचूनच पाइपमध्ये जाऊन साचते आणि मागून आलेल्या ज्वाळेने एकदम भडकते. गॅसची शेगडी चालू करून लायटर उशिरा लावल्यावर जो भपका उडतो, तोच प्रकार इथे बंद पाइपमध्ये पुन्हा पुन्हा घडतो. आरपीएमची मर्यादा गाठल्यावर किंवा गिअर बदलताना क्षणभर ठिणगीच तोडणारी यंत्रणा बसवली असेल, तरीही न जळलेले मिश्रण पाइपमध्ये जाऊन हेच होते.

शर्यतीत मात्र याला खरा उपयोग आहे, आणि मला या विषयातला तोच भाग सर्वांत सुंदर वाटतो. टर्बो हा एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा आणि इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा असतो. वळणावर चालकाने पाय उचलला की तो मंदावतो आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ लावतो. रॅलीच्या मोटारींत ‘अँटी-लॅग’ यंत्रणा उशिरा ठिणगी, जादा इंधन आणि जादा हवा देऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरना लागून असलेल्या पाइपांतच, ज्वलन घडवते आणि टर्बो फिरता ठेवते. फॉर्म्युला वनमध्ये २०११ साली काही संघ चालकाने पाय उचलल्यावरही इंजिनातून वायूंचा झोत चालू ठेवत आणि तो मोटारीच्या मागच्या डिफ्यूझरवर (मोटार रस्त्याला चिकटून राहावी म्हणून तळाशी बसवलेल्या भागावर) सोडून वळणावरची पकड वाढवत. २०१२पासून नियम बदलून ही युक्ती रोखण्यात आली. या सर्व ठिकाणी ज्वाळेची किंमत ठरवून मोजलेली असते. टर्बो आणि व्हॉल्व्ह लवकर झिजणार हे संघाला ठाऊक असते आणि ते बदलण्याची तयारीही असते.

आपल्या मुलाच्या मोटारीला अशी तयारी नाही, म्हणून ‘काही होत नाही’ हे म्हणणे मला मान्य नाही. जॅग्वार एफ-टाइपसारख्या काही मोटारींत कारखान्यातूनच सौम्य कडकडाट दिलेला असतो, पण तिथे तापमानाचा हिशेब निर्मात्याने केलेला असतो. बाहेरून टाकलेल्या प्रोग्रॅममध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बो आणि ऑक्सिजन सेन्सर यांवर ताण येतो, आणि सर्वांत मोठा फटका कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेली ही सिरॅमिकची जाळी उरलेसुरले इंधन स्वतःमध्ये जाळून टाकते. इंधन फार आले तर ती अतिशय तापते, वितळून तुंबते आणि इंजिनाला श्वास घेता येत नाही. शाबूत कन्व्हर्टर असताना मोठी ज्वाळा सहसा बाहेर येत नाही, म्हणून हौशी लोक तो काढून सरळ पाइप बसवतात. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-सिक्स या प्रदूषण-मानकाच्या मोटारीत असे करणे म्हणजे प्रदूषण रोखणारा मुख्य भागच फेकून देणे होय. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडल्यास कलम १९०(२)खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याशिवाय एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. ही ज्वाळा सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरस्वाराच्या पायांच्या उंचीवर येते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे काजूच्या बागांखालचे गवत पार वाळलेले असते, आणि अशी मोटार नुकतीच पळवून त्या गवतावर उभी केली तर तापलेला पाइपच आग लावायला पुरेसा आहे. मुलाला खरोखर हौस असेल तर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकवर त्याला एकदा घेऊन जावे. मोटार चालवण्याचे कसब तिथे शिकता येते.

प्रश्न : चोर्ला घाट उतरताना माझी जुनी बुलेट फटाके फोडते. तिला तर मी काहीच मॉडिफाय केलेले नाही.
— एक वाचक, साखळी

उत्तर : उतारावर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) बंद असतो, पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधून फार थोडे मिश्रण येते आणि ते प्रत्येक वेळी पेटतेच असे नाही. न पेटलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये जाते. तिथे सांध्यातून किंवा भोकातून बाहेरची हवा शिरली की त्याचा बार होतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने आपल्याकडे सायलेन्सर लवकर गंजतात, म्हणून आधी इंजिनाकडच्या सांध्याचे गॅस्केट आणि पाइपची खालची बाजू तपासावी, त्यानंतर कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू व ठिणगीचे टायमिंग पाहावे. आवाज कार्ब्युरेटरच्या बाजूने येत असेल तर मात्र मिश्रण फार पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही, असे समजून गाडी लगेच मेकॅनिकला दाखवावी. चालत्या गाडीत किल स्विच (इंजिन बंद करणारे बटण) बंद-चालू करून मुद्दाम बार काढण्याचा खेळ कोणी करत असेल तर तो थांबवावा. त्याने सायलेन्सर सांध्यावर फाटतो.

प्रश्न : डिझेलच्या गाड्या असे का करत नाहीत?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते जवळपास लगेच पेटते. हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते आणि पाय उचलला की फवारणीच थांबते. त्यामुळे पाइपमध्ये पेटण्याजोगे मिश्रण सहसा साचत नाही. जादा इंधन दिलेच तर डिझेलची गाडी काळा धूर सोडते.