वाचकांचे प्रश्न : शेरे मारून परत आलेली केस स्टडी

प्रश्न : एका महिला बचत गटासाठी मी दिवाळी फराळाच्या ऑनलाइन विक्रीची वेबसाइट नव्याने बांधली. तिच्यावरची केस स्टडी एका तांत्रिक मासिकाला पाठवली, ती पाच शेऱ्यांसह परत आली. ‘लाइटहाउसचे गुण ३८ वरून ९४ झाले, ते कुठल्या मोजणीत?’, ‘पाच बदल एकदम केलेत, फरक कशाने पडला?’, ‘विक्री वाढली ती वेबसाइटमुळे की दिवाळीमुळे?’, ‘साधनांची यादी निम्मी करा’ आणि ‘गटाची लेखी परवानगी जोडा’. दुरुस्तीला कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाषेला आत्ता हात लावू नका. पहिले तीन शेरे पुराव्याबद्दलचे आहेत. त्यांची उत्तरं हाती आली की काही परिच्छेद मुळातच गळतील, मग त्यांच्यावर घासलेली वाक्यं वाया जातील.

आधी लाइटहाउस, म्हणजे पानाचा वेग वगैरे तपासून शंभरपैकी गुण देणारं गूगलचं साधन. जुने गुण मोबाइल मोडमधले आणि नवे डेस्कटॉप मोडमधले असतील, तर ती तुलना बाद समजा. मोबाइल मोडमध्ये मुद्दाम संथ नेटवर्क आणि चौपट मंद प्रोसेसर धरलेला असतो, म्हणून तेच पान डेस्कटॉपवर सहसा बरेच जास्त गुण मिळवतं. लाइटहाउसची आवृत्तीही दोन्हीकडे एकच हवी. दहाव्या आवृत्तीत ‘टाइम टू इंटरॅक्टिव्ह’ (पान वापरण्याजोगं व्हायला लागणारा वेळ) हे माप काढून टाकलं आणि सीएलएसचा (पान उघडताना मजकूर किती हलतो या मापाचा) गुणांतला वाटा १५ वरून २५ टक्के केला. पानात काहीही न बदलता गुण हलतात ते यामुळे. जुन्या मोजणीची नोंद नसेल तर गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातून) बदलाआधीची आवृत्ती काढून त्याच होस्टिंगवर वेगळ्या सबडोमेनला चढवा. मग जुनं आणि नवं पान एकाच संगणकावर, इनकॉग्निटो खिडकीत, एक्स्टेंशन बंद ठेवून प्रत्येकी पाच वेळा मोजा आणि पाचांतला मधला आकडा छापा. सर्वांत चांगला आकडा निवडायचा मोह होतो, तो टाळा. इंटरनेट आर्काइव्हमधली जुनी प्रत मोजून उपयोग नाही, कारण ती आर्काइव्हच्या सर्व्हरवरून आणि त्यांची स्वतःची पट्टी जोडून येते.

खरं तर लेखात गुणांपेक्षा एलसीपीचे, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागलेले सेकंद द्यावेत. एलसीपी २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (टिचकीला पानाचा प्रतिसाद दिसायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस ०.१ पर्यंत, या गूगलच्या ‘चांगल्या’ मर्यादा आहेत, आणि त्या ७५ व्या शतमकाला, म्हणजे चारांतल्या तीन भेटींना लागू व्हाव्या लागतात. वेबसाइटवर पुरेशी वर्दळ असेल तर पेजस्पीड इनसाइट्समध्ये खऱ्या वापरकर्त्यांचे आकडेही मिळतील. मात्र ते मागच्या २८ दिवसांचे एकत्रित असतात. नवी वेबसाइट सुरू करून आठवड्याने घेतलेल्या आकड्यात तीन आठवडे जुन्या वेबसाइटचेच असतात.

दुसऱ्या शेऱ्याला उत्तर प्रयोगानेच द्यावं लागेल. अंतिम आवृत्ती घ्या, पाच बदलांपैकी एकच मागे घ्या, मोजा, तो परत लावा आणि पुढचा मागे घ्या. पाच फरकांची बेरीज एकूण फरकाइतकी येणार नाही, कारण बदल एकमेकांवर परिणाम करतात. हे लेखात एका वाक्यात सांगून टाका. अशा वेबसाइटवर बहुतेक वेळा खरा दोष वरच्या मोठ्या चित्रात सापडतो. सगळ्या चित्रांना सरसकट लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच मागवणं) लावलेलं असतं आणि त्यात फराळाच्या ताटाचं पहिलं चित्रही अडकतं. मग पानाची मांडणी होईपर्यंत ब्राउझर ते मागवतच नाही. चित्र कितीही हलकं करा, मागणीच उशिरा गेली तर एलसीपी फारसा सुधारत नाही. त्या एका चित्रावरून लेझी काढून त्याला वरचं प्राधान्य दिलं की वॉटरफॉल आलेखात (कोणती फाइल कधी मागवली ते दाखवणाऱ्या) त्याची पट्टी डावीकडे सरकलेली दिसते. आधीचा आणि नंतरचा असे ते दोन आलेख एकाखाली एक, एकाच वेळ-मापावर छापा. तुमच्या लेखातलं सर्वांत मोलाचं पान तेच ठरेल आणि त्याला भरपूर जागा द्या.

विक्रीच्या दाव्यावर संपादकांचा आक्षेप अगदी रास्त आहे. सप्टेंबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर चकल्या-करंज्यांची विक्री वाढणारच. मागच्या वर्षाशी तुलना करतानाही इंग्रजी तारखा जुळवू नका. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. आठवडे लक्ष्मीपूजनापासून मागे मोजा. मागच्या वर्षी ऑनलाइन विक्रीच नसेल तर वाढीचा दावा काढून टाका आणि टोपलीत माल टाकणाऱ्यांपैकी किती जण पैसे भरण्यापर्यंत पोचले, एवढंच जुन्या-नव्या वेबसाइटसाठी द्या. आकडे लहान असतील तर टक्केवारी नको. १२ वरून १८ ऑर्डरी म्हणजे ‘५० टक्के वाढ’ होते खरी, पण वाचकाला १२ आणि १८ हेच कळायला हवेत.

साधनांच्या यादीत फक्त ज्या साधनाच्या निवडीने निकाल बदलला ते ठेवा.

परवानगी फोनवरची चालणार नाही. छापायचा अंतिम मजकूर आणि चित्रं गटाच्या अध्यक्षा व सचिव यांना पाठवून ‘हे आकडे व नाव छापायला हरकत नाही’ असा ईमेल घ्या. ऑर्डरींच्या स्क्रीनशॉटमध्ये ग्राहकांचे पत्ते आणि फोन असतात. पीडीएफमध्ये त्यांच्यावर काळा चौकोन टाकला तरी तो काढून खालचं मूळ चित्र पाहता येऊ शकतं. त्याऐवजी चाचणीसाठी खोट्या ऑर्डरी भरून नवा स्क्रीनशॉट घ्या.

सुधारित मसुद्यासोबत तीन रकान्यांचा तक्ता पाठवा : शेरा, केलेला बदल, पान व परिच्छेद. एखादा शेरा पटला नाही तर ‘बदल केला नाही’ असं लिहून शेजारी कारण आणि मोजणी द्या.

प्रश्न : माझ्या केस स्टडीत मराठी फॉन्टची फाइल लहान केल्याचा भाग आहे. संपादकांनी स्क्रीनशॉटवर ‘जोडाक्षरं तुटलेली दिसतात’ असा शेरा मारला आहे. चित्र बदलून भागेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, दोष फॉन्टमध्येच आहे. जोडाक्षरांना स्वतंत्र युनिकोड क्रमांक नसतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांच्या आकृती फॉन्टमधली ओपनटाइप नियमसारणी बसवते. अक्षरं निवडणाऱ्या साधनाने ही सारणी किंवा जोडाक्षरांच्या आकृती टाकून दिल्या की हलन्त उघडा पडतो. फॉन्टटूल्समधल्या पायएफटीसबसेट या फॉन्ट कापणाऱ्या साधनाने मूळ फॉन्ट पुन्हा कापा. ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची श्रेणी, २००सी व २००डी हे अदृश्य जोडक आणि २०बी९ हे रुपयाचं चिन्ह घ्या आणि ‘लेआउट-फीचर्स’ पर्यायाला तारांकन द्या, म्हणजे सगळे नियम राहतील. त्यात ‘लोकल’ हा नियमही येतो. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्याच्यावर अवलंबून असतात, पण पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवलेली असेल तरच. फाइल वूफ२ या वेबसाठीच्या हलक्या स्वरूपात काढा आणि ‘पुऱ्या’, ‘श्रीखंड’, ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मी’, ‘दुष्काळ’ हे शब्द अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज तिन्हींवर उघडून पाहा. ‘पुऱ्या’ त्यात हवाच, कारण अर्ध्या ‘र’चं ते वळण हिंदी मजकुरावर केलेल्या चाचणीत येतच नाही.

नव्या फाइलचं वजन तुम्ही आधी कापलेल्या फाइलपेक्षा जास्त भरेल. लेखातला बचतीचा आकडा त्यानुसार कमी करा आणि कारण तिथेच लिहा.